पेन्सिल खाण्याचं वय

पंचेचाळिसाव्या वर्षी मला पाटीवरच्या पेन्सिली खायचं वेड लागलं. घरात पाटी नाही, मुलगी नोकरीला लागलेली, आणि मी पर्समध्ये तुकडे घेऊन हिंडायचे. लाज वाटायची, पण वास आला की तोंडाला पाणी सुटायचं.

शनिवार पेठेतल्या स्टेशनरीवाल्या काकांनी तीन महिने मुकाट्याने डबे दिले. चौथ्या महिन्यात चष्म्यावरून बघत म्हणाले, "बालवाडी काढलीत का?"

"हो."

"मुलं पाटीवर लिहितात की जेवतात?"

मी पेठ बदलली.

पाळी दहा-दहा दिवस चालायची. जिना चढताना दम लागायचा, म्हणून प्रत्येक मजल्यावर थांबून मी लोकांच्या कुंड्यांची चौकशी करायचे. त्यामुळे इमारतीतली सर्वांत आस्थेवाईक बाई अशी माझी ख्याती झाली. ओटीपोटात हाताला काहीतरी कडक लागायचं. ते काय असणार हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. मे महिन्यात लेकीचं लग्न होतं. तोवर कोणाला कळू द्यायचं नाही, मग जे व्हायचं ते होवो.

मार्चमध्ये लग्नाच्या साड्या बघताना मी दुकानाच्या गादीवरच आडवी झाले. नवऱ्याने मला घेऊन थेट दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, "माती, खडू, असलं काही खाता का?"

मी खोटं बोलणार, तोच नवरा म्हणाला, "पेन्सिल. दिवसाला चार-पाच."

सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. फायब्रॉइड. साधी, कॅन्सरची नव्हे. तिच्यामुळे रक्त जास्त जात होतं, अंगातलं लोह संपलं होतं आणि म्हणून पेन्सिलीची ओढ. "अशा गाठी कितीतरी बायकांना असतात. आधी रक्त वाढवू, मग काढायची का ते ठरवू. लग्न आरामात करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण इतके दिवस थांबलात कशाला?"

उत्तर द्यायचं सोडून मी भोकाड पसरलं.

परतताना रिक्षात मी नवऱ्याला विचारलं, "पेन्सिलीचं तुला कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीपासून. दिवसेंदिवस पांढरी पडत चालली होतीस, तेही दिसत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"भीती वाटायची. तू तोंडाने सांगत नाहीस तोवर काही झालेलंच नाही, असं धरून चाललो होतो."

पंचवीस वर्षांच्या संसारात आमचं इतकं एकमत कधीच झालं नव्हतं.