दार लागेस्तोवर

गुडघ्यांनी दगा दिला तशी रूपाबाईनं शेरडं विकून टाकली. राहिला तो फक्त भुऱ्या, शेरडं वळणारा कुत्रा. संतोषनं आईला तांड्यावरून हिंगोलीला आणलं, तर जीपमध्ये तिच्या आधी तोच चढून बसला. पण कॉलनीत बांधून ठेवला की दिवसभर भुंकायचा. शेजारी कावले.

"याडी," संतोष आईला म्हणाला, "बागेत कुत्र्यायसाठी जागा केलीय, मोकळं सोडायला. तिथं रमला तर राहील. तिथूनबी गाऱ्हाणं आलं, तर प्रेमदासकाकाच्या शेतावर धाडतो."

प्रेमदासचा कुत्रा साखळीत जन्मला आणि साखळीतच मेला, हे रूपाबाईला ठाऊक होतं.

सकाळी संतोषनं दोघांना बागेत सोडलं, भुऱ्याची दोरी काढून जाळीवर टांगली आणि तो दूध आणायला गेला. मोकळं सोडायचं आणि भोवती जाळी मारायची! रूपाबाईला हसू आलं.

आत पाच-सहा कुत्री हुंदडत होती, त्यांची माणसं कडेला उभी होती. भुऱ्यानं कान टवकारले आणि तो कामाला लागला. भुंकला न्हाई, चावला न्हाई. जो पळेल त्याच्या आडवा जायचा. बघता बघता सगळी एका कोपऱ्यात गोळा. त्यातल्या लठ्ठ कुत्र्याचे मालक व्यंकटराव त्याला सोडवायला गेले, तर भुऱ्यानं त्यांनाही वळवून आत घातलं.

"आजी, आवरा ना त्याला! माझी कुकी थरथर कापून राहिली," प्रियदर्शनी नावाची पोरगी ओरडली.

"काही करत न्हाई, माय. वळून राहिला फक्त."

"वळून राहिला? आमी काय शेरडं हाव?" कोपऱ्यातून व्यंकटराव.



"भुऱ्या, ये!" रूपाबाईनं हाक मारली. त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा उघड्या फाटकाकडं. तिला उमगलं. तांड्यावर शेरडं आत गेली की ती दार ओढून घ्यायची. तोवर हा हलायचा न्हाई.

तिनं फाटक लावलं, कडी घातली. भुऱ्या आला, तिच्या पायाशी लवंडला. कुत्री पांगली. सुटलो म्हणत व्यंकटराव फाटकाशी आले. तिनं कडी काढली. भुऱ्या उठला. व्यंकटराव पुन्हा कोपऱ्यात.

"आजी, आमी घरी जायचं कसं मग?" प्रियदर्शनी वैतागली.

त्याला दोरी बांधावी म्हणून रूपाबाई वाकायला गेली, तर गुडघे वाकेनात. तिनं दोरी परत जाळीवर टाकली, पुन्हा कडी घातली आणि फाटकाला टेकून उभी राहिली. इकडं माणसं चिडलेली, तिकडं भुऱ्या घोरायला लागलेला.

संतोष दुधाची पिशवी घेऊन आला. सगळे एकदम त्याच्यावर धावून आले. त्यानं ऐकून घेतलं.

"याडी, काकाला फोन करतो."

"कर," ती म्हणाली.

तो जाळीवरची दोरी घेऊन कडीला हात घालायला लागला, तसा तिनं आपला हात कडीवर ठेवला.

"जरा थांब रे, लेकरा. लई दिवसांनी काम संपलंय त्याचं. निजू दे घडीभर."