पिशवीखालचा पेपर

माझे रक्ताचे रिपोर्ट चांगले आले होते. किडनी जुळत होती. नागपूरच्या दवाखान्यात ते घेऊन मी जिना चढत होते, तेवढ्यात वरून भावजयीचा फोन आला... “ताई, लवकर या.” मी पोचेपर्यंत विलास, माझा धाकटा भाऊ, गेला होता. रिपोर्ट हातातच राहिले.

तिरोड्याजवळच्या आमच्या गावात तो घरीच पोटाचं डायलिसिस करायचा. पोटात बसवलेल्या नळीतून औषधी पाणी आत सोडायचं, काही तासांनी पिशवीत काढायचं. ती भरलेली पिशवी तो खिडकीत पेपरावर ठेवी. खालची अक्षरं वाचता आली की पाणी स्वच्छ. गढूळ झालं की समजायचं, पोटात जंतू शिरले. हा बाबा तर मोठ्यानं बातम्याच वाचून दाखवायचा. “पाहा ताई, पेपर फुकट नाही जाऊन राहिला!” नागपूरचे डॉक्टर हा संसर्ग नेमका कशानं होतो, यावर संशोधन करत होते. विलास त्यात हौसेनं सामील झाला. “माझ्या पोटातलं पाणी कोणाच्या कामी पडत असंल, तं नेऊ दे ना.”

बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, रोवणी नुकतीच आटोपली होती. बांधावरून बघायचं, पाण्यात उतरायचं नाही, असं त्याला बजावलं होतं. पण खेकड्याच्या बिळातून बांधीतलं पाणी वाहून जाताना दिसलं, आणि गडी उतरलाच. वाकून दोन्ही हातांनी चिखल दाबत बसला. “काऊन उतरलास रे?” मी ओरडले. “धान वाळलं असतं ना, ताई.” नळीवरची पट्टी चिंब भिजली होती.

दोन-तीन दिवसांत पिशवीखालची अक्षरं दिसेनाशी झाली. तो पिशवी फिरवून फिरवून पाहत राहिला... नागपूरला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काहीही लपवलं नाही त्यानं. “लिहून घ्या साहेब. दुसरा तरी कोणी उतरणार नाही.” संसर्ग गेला की माझी किडनी त्याला बसवायची, असं ठरलं होतं. संसर्ग गेलाच नाही. मला अजून राग येतो. एका बांधीसाठी, विलास!

ती बांधी आता निसवली आहे, धानाला लोंब्या आल्या आहेत. माझ्या दोन्ही किडन्या माझ्यापाशीच आहेत. आई मात्र रोज सकाळी पेपर आला की त्या खिडकीत पसरून ठेवते, आणि आम्ही कोणी तो उचलत नाही. परवा मी वाकून पाहिलं... अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.