सुनंदा विसरलेली एक सूचना

तीन आठवड्यांपूर्वी, शुक्रवारी, मी म्हापशाच्या बाजारात मिरच्या निवडत होते तेव्हा माझ्या मुलीचा, वैशालीचा, फोन आला. "आई, काकी गेली," ती म्हणाली, आणि रडत रडत पुढे, "आता मी कोणाला विचारू?" माझी धाकटी जाऊ सुनंदा गेली होती... आणि माझ्या मनात आधी आलं ते हे, की मी गेले तर माझ्यासाठी ही असं विचारील का? लिहायला लाज वाटते, पण खरं आहे ते.

सुनंदा नार्व्याची. लग्न होऊन पार्सेला आली ती कॉम्प्युटर शिकूनच. डिचोलीच्या एका संस्थेत तिला नोकरी लागली. त्याच संस्थेच्या पार्से शाखेत मी झाडलोट करायची, तीही तिच्या शब्दावर मिळालेली. तिला मूल नव्हतं. वैशाली शाळेतून आली की दप्तर टाकून सोप्यावर काकीजवळ बसायची. मी चुलीपाशी ऐकायची. काकी सांगायची, प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःचा नंबर लागतो, आधी ती तो हाताने घालायची, दोघांना एकच पडला की दोघंही अडायचे. आता कॉम्प्युटर चालू झाला की नंबरासाठी हाक मारतो आणि डिचोलीचं एक मशीन आपणहून तो देतं. "मग पार्सेची हाक डिचोलीला ऐकू जाते?" वैशालीने विचारलं. "वचना गो," काकी तिच्या कोंकणीत म्हणाली, "ती हाक घराभायर पडना. म्हणून हांगच्या राउटराक सांगपाचें, ही हाक डिचोली पावय आनी नंबर घेवन यो." म्हणजे हाक आपणहून शाखेबाहेर जात नाही, राउटर नावाच्या डब्याला तशी सूचना दिली की तो ती डिचोलीला पोचवतो आणि नंबर घेऊन येतो. दोघी हसल्या. मला वैशाली विचारायची ते एवढंच, जेवण झालं का.

एका दसऱ्याला शाखेत यंत्रांची पूजा होती. मी राउटरची विजेची वायर काढून तो ओल्या फडक्याने पुसला, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि वायर परत लावली. सुट्टीनंतर सकाळी एकाही कॉम्प्युटरला नंबर मिळेना. "ह्या डब्याला हात कोणी लावला?" साहेबांनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघू लागले.

सुनंदा दोन बस बदलून आली. राउटरला आपला कॉम्प्युटर जोडून तिने बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "वयनी, तुमची चूक न्हय. सांगिल्लें साठोवन दवरूंक म्हजेकडल्यान विसरलें." हाक डिचोलीला पोचवायची तिने दिलेली सूचना साठवून ठेवायची राहिली होती, ती राउटरच्या पक्क्या स्मरणात गेलीच नव्हती. वायर निघाली तशी पुसली गेली. ती चुकली म्हणून घटकाभर मला बरं वाटलं... पण संध्याकाळी वैशाली म्हणाली, "आई, बघितलंस, काकीने सगळ्यांसमोर चूक कबूल केली. असं कोण करतं?" म्हणजे चुकूनसुद्धा तीच मोठी. त्या दिवशी तिने मला वाचवलं होतं, आणि मी तिचे साधे आभारही मानले नाहीत. पुढेही मानले नाहीत. वेळ पुष्कळ होता.

वैशाली आता तेच काम करते. घरी आली की काकीच्या खोलीत, काकीच्या टेबलावर बसते. परवा मी तिला चहा घेऊन गेले. ती पडद्यावरच्या आकड्यांत गुंतली होती. मान न वळवता म्हणाली, "काकी, हांगा दवर."

मी कप तिथे ठेवला. ती बोट दाखवत होती तिथेच.