पिशवीतला खोकला

भूतखेत, करणी, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी शाळेत फिजिक्स शिकवायचे हो! लग्नानंतर पुण्यात आल्यावर देवनागरी शिकले, तेव्हा शुद्धलेखनाला हसा, पण सांगते ते ऐका.

आम्ही तंजावूरचे मराठी. राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. आईवडील लवकर गेले, मला आणि माझ्या भावाला, अण्णाला, काकूने वाढवलं. नव्वदच्या दशकात, गल्लीत घरोघरी केबल टीव्ही येत होता त्या सुमाराला अण्णाला टीबी झाला. औषधांचा कोर्स पूर्ण झाला तरी उजव्या फुप्फुसात वर एक पोकळी राहिली आणि तिच्यातून रक्त येऊ लागलं. मग तपासणीत एचआयव्ही निघाला. कुठून झाला ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

त्या दिवसापासून काकू त्याला केळीच्या पानावर वाढायला लागली. आमच्याकडे पानावर जेवणं म्हणजे सणासुदीचा थाट, म्हणून पहिल्यांदा तो खूश झाला. मग लक्षात आलं, बाकी सगळे ताटात जेवतायत. त्याचं ताट कुणाला घासायचं नव्हतं, एवढंच. मला त्या वागण्याची इतकी शिसारी आली की त्या घरात घास उतरेना.

फुप्फुसाचा तो भाग काढला नाही तर एखाद्या दिवशी रक्त थांबणारच नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण कापायला कुणी तयार होईना. एका सर्जनने तर अण्णासमोरच रुमाल नाकाला लावला. शेवटी मेडिकल कॉलेज रोडवरच्या एका खाजगी दवाखान्यातले म्हातारे सर्जन हो म्हणाले. ऑपरेशनला नेताना अण्णाने मला एकच विचारलं, "बरा झालो की काकू घरी घेईल ना गे?" मी म्हटलं, "मागची खोली झाडून ठेवलीय तिने." साफ खोटं! काकूशी मी अजून बोललेसुद्धा नव्हते.

दुपारी नर्स बाहेर आली. काढलेला तुकडा तपासणीला लॅबमध्ये न्यायचं काम तेव्हा नातेवाइकांचंच असे. फॉर्मॅलिन भरलेली प्लास्टिकची बरणी — वर लोणच्याच्या कंपनीचं लेबल तसंच — तिने माझ्यापुढे जमिनीवर ठेवली. हातात देईना. आत माझ्या भावाच्या छातीतला गोळा... काळपट, भोकाभोकांचा, कडेला पिवळं काहीतरी लोंबणारा. मी बरणी कापडी पिशवीत घातली आणि ऑटो केला.

लॅबवाल्याने चिठ्ठीवर लाल अक्षरांत लिहिलेलं 'एचआयव्ही' वाचलं आणि फूटपट्टीने बरणी माझ्याकडे ढकलली. "इथे घेत नाही. दुसरीकडे बघा." फूटपट्टीही मग त्याने केराच्या टोपलीत टाकली.

राजवाड्यामागचं काकूचं घर तिथून जवळच. म्हटलं, अण्णा शुद्धीवर यायच्या आत खोलीचं पक्कं करून टाकू. भर दुपार, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दाराबाहेरच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, पिशवी ठेवून मी हाक मारली. काकूने दार अर्धंच उघडलं. मी म्हटलं, "काकू, ऑपरेशन झालं. त्याला इथं आणू ना?"

ती तोंड उघडणार तेवढ्यात — पिशवीतून खोकला आला.

अण्णाचा खोकला. आधी बारीक शिट्टी, मग खरवडल्यासारखा ओला आवाज, आणि शेवटी दमून काढलेलं "अम्मा..." तसा खोकला दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नाही. मला भास झाला म्हणाल. मग काकूचं काय?

"ऐयो! घेऊनच आलीस त्याला?" ती किंचाळली. "आत नोको आणू गे! पोरं आहेत घरात! आडोशाला कां उभा केलीस?"

"काकू, तो दवाखान्यात आहे. बेशुद्ध आहे."

"मज ऐकू येत नाही काय?" ती आत धावली, फिनेलची बाटली आणली आणि पायरीवर, तिण्णैवर, माझ्या पावलांवर भडाभडा ओतली. जिने त्याला लहानपणी मांडीवर घेऊन भरवलं, ती! मग धाडकन दार लावून घेतलं. मी पिशवी उघडून पाहिली. गोळा तळाशी निपचित पडला होता.

कशीबशी दवाखान्यात परतले. सर्जनांनी बरणी माझ्याकडून स्वतःच्या हाताने घेतली आणि दुसऱ्या गावच्या लॅबला पाठवायची व्यवस्था केली. मी न्हाणीघरात जाऊन फिनेलचा वास जाईपर्यंत पाय घासले, दुकानातून नवी चप्पल आणून घातली, साडीही बदलली.

दुसऱ्या दिवशी अण्णा बोलू लागला. छातीत नळी, नळीतून लालसर पाणी खालच्या बाटलीत ठिबकत होतं. मी त्याचा हात धरला. "काकू विचारत होती रे तुला. खोली तयार आहे."



"कशाला खोटं बोलतेस गे?" तो हळूच म्हणाला. "पुरं दारसुद्धा उघडलं नाही तिने. आणि फिनेल किती ओतलं... अजून नाकात बसलाय वास."

मी कुणाला एक अक्षर सांगितलं नव्हतं. काकूकडचं कुणी दवाखान्यात फिरकलं नव्हतं. सर्जनना विचारलं, तर म्हणाले, भुलीत माणसं काहीबाही बघतात. बघत असतील. पण जे खरंच घडलं तेच कसं बघतात?

अण्णाला मी ओरत्तनाडुला, माझ्या शाळेच्या गावी, माझ्या भाड्याच्या खोलीवर नेलं. जितकी वर्षं मिळाली तितकी तो माझ्याबरोबर ताटात जेवला, आणि तो खोकला पुन्हा कधीही आला नाही. काकू मात्र मरेपर्यंत सांगत राहिली की त्या दुपारी तो दारात आला होता, तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

हे कसं झालं? मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर सांगा. माझ्या घरात मात्र मी अजून फिनेल आणत नाही. फरशी नुसत्या पाण्याने पुसते.