ऐकू न येणारी हाक

मोकोको झाडावर चढू लागला की बघणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. त्याच्या स्वतःच्या पोटात तो जमिनीवर असताना येतो. लहानपणी त्याच्या डोळ्यांदेखत हत्तिणीने बापाला तुडवलं. तेव्हापासून सांघा नदीकाठच्या या रानात तो जीव मुठीत धरूनच चालत आला आहे. आणि नशिबाची थट्टा बघा, काम मिळालं तेही हत्तींचंच! आवाज टिपणारे डबे उंच झाडांवर टांगायचे, त्यांच्या बॅटऱ्या बदलायच्या. दाट रानात हत्ती दिसत नाहीत, म्हणून हत्तींची पाहणी करणाऱ्या कचेरीतले लोक आवाजांवरून ते किती, कुठे याचा अंदाज घेतात.

वाटेत पुढे त्याची बायको सेमोली असायची, गळा मोकळा सोडून गात. इथल्या बायका रानात गातातच. माणसं येताहेत हे कळलं की हत्ती बाजूला होतात. पण कचेरीतल्या क्लारिसबाईंनी बजावलं, "डब्याजवळ गाऊ नका. रेकॉर्डिंग वाया जातं."

म्हणून त्या दिवशी दोघं मुकाट गेली. मोकोको डब्यापर्यंत चढला, सेमोली खाली कोको नावाच्या रानवेलीची पानं भाजीसाठी खुडत बसली. त्याने सहज खाली पाहिलं आणि त्याची पाचावर धारण बसली. तिच्या पाठीमागे, पाचोळाही न वाजवता, हत्तीण येऊन उभी होती. कान पसरलेले. सेमोलीला पत्ताच नव्हता.

ओरडलं तर ती पळणार, आणि पळणाऱ्याचं काय होतं ते त्याने बापाच्या वेळी पाहिलं होतं. घामाने हातातली वेल निसटू लागली. मग त्याच्या तोंडून निघालं ते बायकांचं गाणं, चिरक्या, कापऱ्या आवाजात. या गाण्यात एकीने सूर टाकला की दुसरीने तो भरायचाच, हात कामात असले तरी. सेमोलीने मान न वळवता सूर भरला. दोघं गात राहिली. हत्तिणीने सोंड उचलून वास घेतला, झाडाला वळसा घातला आणि झुडपात शिरली.

"काय रे, आज बाई झालास वाटतं?" सेमोली खालून हसली.

"मागं बघ," तो कसाबसा म्हणाला. ओल्या मातीतले ते ताजे ठसे बघून ती भाजी तिथेच टाकून उठली.

कचेरीत क्लारिसबाईंनी रेकॉर्डिंग लावलं. "ही दुसरी बाई कोण?"

"मीच," मोकोको म्हणाला. सगळे खो खो हसले.

बाईंनी मात्र पडद्यावरच्या जाड रेघांवर बोट ठेवलं. "हे खर्जातले आवाज आपल्याला ऐकू येत नाहीत. तुम्ही पोचायच्या आधीपासून आई पिल्लाला हाका मारत होती. आणि हे पिल्लू ओ देतंय. अगदी जवळून, तुमच्या झाडापलीकडच्या झुडपातूनच असणार."

म्हणजे सेमोली त्या दोघांच्या मधे बसली होती. मोकोकोने तिचा हात घट्ट धरला.

आता तो वाटेवर उघडपणे बायकांचं गाणं गातो. कोण काय म्हणेल याची फिकीर नाही. पण मधेच गप्प होतो, कान देतो. हाक असते हे आता त्याला ठाऊक झालंय. ऐकू येत नाही एवढंच.

"गा रे माकडा, थांबू नकोस!" सेमोली ओरडते. तिचाही आवाज तेव्हा कापत असतो.