लेव्हल माझी, गोष्ट त्याची

"ह्यो कोन रं?" विक्रमच्या मामेभावानं विचारलं. मी टीव्हीसमोर सतरंजीवर बसलेलो. हातात गेमचा रिमोट.

"गडी हाय आपला," विक्रम म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो. आमच्याकडं खेळणाऱ्यालाही गडी म्हणतात आणि शेतावर राबणाऱ्यालाही. मला वाटलं, खेळातला. तेवढ्यात आतून त्याच्या आईचा आवाज आला, "त्या गड्याला म्हनावं, च्या मागल्या दारी ठिवलाय."

कोणता गडी ते तेव्हा कळलं.

विक्रम कळंबच्या बागायतदाराचा मुलगा. मी घोडेगावच्याही वरचा, डोंगरातला. कॉलेजात एका वर्गात. गेम खेळायचं मशीन त्याच्याकडं होतं आणि तो जपानी गेमही, संवाद इंग्रजीत. लांबलचक गोष्ट. गाव जळतं, आणि एक पोरगा हरवलेल्या बहिणीला शोधत निघतो. पण पोरगा ताकदवान झाल्याशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही. त्यासाठी त्याच माळावर, त्याच किरकोळ राक्षसांशी तासन्‌तास लढायचं. विक्रमला त्याचा कंटाळा. ते काम माझं. लेव्हल वाढली की म्हणायचा, "ऊठ आता." हिरोला नाव त्याचं. खुरपणी मी करायची, तोडलेला माल त्यानं न्यायचा. गोष्ट मला नंतर तोंडी सांगायचा, तीही अर्धीमुर्धी.

तरी जात होतो. लाज वाटते, पण जात होतो. ती बहीण सापडते का, एवढंच डोक्यात.

त्या गेमसाठी मंचर, नारायणगाव, सगळी दुकानं पालथी घातली. एक दुकानदार म्हणाला, "मारामारीचे हायेत, गाड्यांचे हायेत. ह्ये जपानी गोष्टीबिष्टीचं हितं कोन खेळतंय? लोकांना आवडच न्हाई, राव." पुण्यात सापडला. किंमत ऐकली आणि डबी परत ठेवली. माझी दोन महिन्यांची खानावळ त्या डबीत गेली असती, मशीन तर वेगळंच. आवड असली की सवड मिळते म्हणतात. सवड मला होती. परवडत नव्हतं. त्यांची ती आवड, आमची ती हाव.

मामेभाऊ आला त्या दिवशी शेवटचीच लढाई राहिली होती.

"सेव्ह कर अन् ऊठ," विक्रम म्हणाला. "फुडचं आमी बगतो. उद्या ये, नवीन सुरू करू."

"मला शेवट बगू दे. हितंच मागं बसतो."

भीकच मागितली मी. याच तोंडानं.

"तुला काय कळनार? विंग्रजी हाय त्ये."

इंग्रजी! त्याला अडलेला एकेक शब्द मी डिक्शनरीत बघून सांगत होतो. सहा महिने. टाळकंच सटकलं माझं. बोटाखाली बटण होतं, सगळं पुसता आलं असतं. पण त्या हिरोला मी वाढवला होता, हात होईना. सेव्ह केलं. रिमोट खाली ठेवला.

"आता तुजं तू वाढव, विक्रम. मी न्हाई येनार."

"लई माजलाय," मागून कुणीतरी म्हणालं.

चहा तसाच मागल्या दारी राहिला. स्टँडवर एसटीची वाट बघत रडलो. खोटं कशाला सांगू, अपमानासाठी नाही, त्या बहिणीसाठी.

आता मला पगार आहे, तर तो गेम कुठं मिळत नाही. परवा सायबर कॅफेत शेवट लिहिलेला सापडला. पहिली ओळ दिसली आणि मी कॉम्प्युटर बंद केला. ऐकीव शेवट मला नको. बघीन तर माझ्या मशीनवर, पहिल्या जळत्या गावापासून. नाही मिळाला, तर ती बहीण माझ्यापुरती हरवलेलीच राहील. पण कुणाच्या पाठीमागं बसून मी तिला बघणार नाही.