अण्णांची भूक आणि इंदापूरचा पाहुणचार

बारामती-इंदापूरला कुणी मौजेखातर जात नाही. आम्हीही गेलो नव्हतो. माझे वडील, अण्णा, पावसाळाभर अजीर्णानं आजारी होते आणि "एकदा डोळ्यांनी बघू द्या" म्हणून नातेवाइकांचे फोन थांबेनात. शेवटी मी गाडी काढली.

वैद्यांचं पथ्य एका ओळीचं होतं: भूक लागल्याशिवाय घास नाही. अग्नी मंद झाला की खाल्लेलं अर्धकच्चं राहतं, त्याचा आम साठतो, अंग जड पडतं, जिभेवर पांढरा थर चढतो. मुगाचं कढण आणि सुंठीचं पाणी यांवर दिवस काढून अण्णांची जीभ नुकती कुठं गुलाबी दिसायला लागली होती. निघायच्या आदल्या सकाळी ते स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "भूक लागलीय गं." मला रडूच आलं.

जाताना सासवड, जेजुरी, मोरगाव असं जा. रस्ता बरा आहे, पण उसाच्या ट्रॉल्यांमागे घाई करू नका. मोरगावनंतर कऱ्हाटी. तिथं अण्णांचे चुलतभाऊ तात्या राहतात. अण्णांना बघताच ते ओरडले, "आरारारा, पार चिपाड झालं की तुमचं!" आणि आत वळून, "शिरा टाका गं!"

मी पथ्य सांगितलं. तात्या हसले. "शिऱ्यानं काय हुतंय? त्यो तर आजाऱ्यालाच देत्यात."

माणूस पचत नाही म्हणून वाळला, तर वाळला म्हणून त्याला आणखी कोंबायचं! अण्णांनी चार घास खाल्ले. माझं डोकं बारामती मागं पडेपर्यंत तापलेलं होतं.

कळंबजवळ एका साध्या हॉटेलात मी पिठलं-भाकरी खाल्ली. पिठलं झणझणीत, भाकरी तव्यावरून थेट ताटात, जरूर थांबा. अण्णा थर्मासातलं गरम पाणी पीत बसले होते. मालकानं विचारलं, "सायेब जेवत न्हाईत?"

"भूक नाही," अण्णा म्हणाले.

"बरं," म्हणून तो गल्ल्यावर जाऊन बसला. परक्याला जमतं ते आपल्या माणसांना का जमू नये?

इंदापुरात स्टँडच्या मागं आत्याचं घर, म्हणजे अण्णांच्या मोठ्या बहिणीचं. दारातच पुरणाचा वास आला आणि मी समजले. पुरणपोळ्या, कटाची आमटी, कुरडया, भजी. पोळीवर तूप नुसतं वाहत होतं.

"आत्या, त्यांना भूक नाहीये."

"बसलं की लागंल. माझ्या हातचं कवा टाकलंय का त्यानं?"

दुसरी पोळी वाढायला तिचा हात पुढं आला तशी मी उभी राहिले. "आत्या, तुम्हाला भाऊ हवाय की रिकामं ताट?"

आत्याचे डोळे भरले. आणि अण्णांनी काय करावं? ताट पुढं ओढलं आणि माझ्याकडं न बघता सगळं संपवलं. आत्यापेक्षा मला त्यांचाच संताप आला.

परतीला सोलापूर हायवेनं या, टोल पडतो पण वेळ वाचतो. भिगवणला माशांची हॉटेलं ओळीनं आहेत. आम्ही तिथं थांबलो ते अण्णांना उलटी झाली म्हणून. एका हातानं त्यांची पाठ चोळत मी चक्क रस्त्यावर ओरडले, "पोट तुमचं आहे की तिचा मान ठेवायची जागा?"

त्यांनी तोंड पुसलं. "ताई पहाटं उठली होती गं," एवढंच म्हणाले.

पुण्यात आल्यावर जीभ पुन्हा पांढरी, पुन्हा कढण, पुन्हा सुंठ. आत्याचा रोज फोन, "जेवला का रं?" एकदा मीच तो घेतला आणि भिगवणची उलटी जशीच्या तशी सांगितली. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा फोन आला. अण्णांनी स्पीकर लावला.

"भूक लागली का रं?"

"न्हाय, ताई."

"मग ऱ्हाऊ दे."

अण्णा उशीवर मान टाकून हसले. मला हसू आलं नाही. हे तीन शब्द ऐकायला त्यांना दुसऱ्यांदा आजारी पडावं लागलं.